आमचे कान कुणी खाल्ले?

मावशीला ठेकेदारानं घरी बसवली. गुन्हा काय, तर उद्धटपणा. मॅडम डॉक्टरांनी मागून तीनदा हाक मारली आणि हिनं वळून बघितलं नाही. चौथ्या वेळेला मॅडम पुढं येऊन उभ्या राहिल्या तेव्हा हिनं धुण्यातून मान वर काढली आणि विचारलं, "काय म्हनता जी?" एवढंच. संध्याकाळी सुपरवायझरचा निरोप : उद्यापासून येऊ नको, फार माजलीस. ठेक्यावरच्या बाईला मेमो नसतो, चौकशी नसते, खुलासा नसतो. निरोप असतो. तोही शेजारच्या बाईनं कानाशी येऊन ओरडून सांगितला, कारण सुपरवायझर काय बोलला तेसुद्धा हिला कळलं नव्हतं.

मित्रांनो, माझी मावशी माजलेली नाही. बहिरी झालीय.

हॉस्पिटलात तिला सगळेच मावशी म्हणतात. वॉर्डबॉय तो मामा, आया ती मावशी. बावीस वर्षांचा डॉक्टर होऊ घातलेला पोरगा आपल्या आजीएवढ्या बाईला 'ओ मावशी, हे उचला' म्हणतो. नातं जोडायला पैसे पडत नाहीत, नातं जोडलं की पगाराचं बोलायला संकोच वाटतो, ही युक्ती जुनी. माझी मात्र ती खरी मावशी. आईची धाकटी बहीण. सेहेचाळीस वर्षांची. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात चौदा वर्षं चादरी धुतल्यात तिनं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. एक तर तिला परत घ्यायचं बोलणं अजून चालू आहे, आणि दुसरं म्हणजे नाव लिहिलं की तुम्ही म्हणणार, हां हां, तेवढाच एक दवाखाना हरामखोर.

मी मागच्या बाजूनं गेलोय तिथं. पुढं काचेचं दार, तुळस, गणपती, फरशीवर तोंड दिसतं. मागं शवागार, त्याच्या पलीकडं जनरेटर, आणि जनरेटरच्या भिंतीला भिंत लावून धुलाईघर. वर पत्रे. आत दोन मोठ्या मशिनी, कपडे पिळायचं 'हायड्रो' आणि सुकवायचा ड्रम. त्या हायड्रोचं बेअरिंग गेलंय, तो फिरायला लागला की सगळी फरशी दातांतून बोलते. रक्ताच्या, पुवाच्या, गुवाच्या चादरी. वीज गेली की जनरेटर. जनरेटरला आवाज कोंडणारी पेटी पाहिजे, एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत, हा नियम वीस वर्षांपासूनचा आहे. पेटी आहे. पण आत गरम होतं म्हणून तिची दारं कायम उघडी. दारांची तोंडं कुठं? धुलाईघराकडं. कारण दुसरीकडं वळवली तर आवाज डॉक्टरांच्या खोल्यांत जातो.

मावशीला विचारलं, कधीपासून. म्हणाली, "पयले मले वाटे का लोकंच हळू बोलून राह्यले. मंग रातच्याला कानात रातकिडे बसले. किर्रर्र. दिवा मालवला का सुरू." घरात तिचा नातू सायकल मागतो. स, श, फ, ख हे बारीक आवाजाचे वर्ण, ते पहिले जातात. सायकलमधला स पडला की उरतं काय? ती म्हणते, "हाव बाबू, आयकलं ना." पोरगं रडतं. बाईमाणसांचे आणि लेकरांचे आवाज आधी हरवतात, कारण ते वरच्या पट्टीतले. ठेकेदाराचा ढोल्या आवाज मात्र शेवटपर्यंत ऐकू येतो. निसर्ग पण कुणाच्या बाजूचा आहे बघा.

शरीरात काय होतं ते समजून घ्या, हे कुणी आपल्याला सांगत नाही. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी नळी असते, तिच्यात केसाळ पेशी, एका कानात पंधरा-सोळा हजार. आवाजाची लाट आली की त्या लवलवतात आणि मेंदूला खबर जाते. रोज त्यांच्यावरून रणगाडा नेला की त्या आडव्या होतात, आधी रात्रीतून उठतात, नंतर उठत नाहीत. माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही. आधी साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. कान तपासायच्या मशिनवर, ऑडिओमेट्रीवर, तो खड्डा कागदावर चक्क दिसतो. तिथून तो रुंद होत बोलण्याच्या पट्ट्यात उतरतो. आपल्याला कळतं तेव्हा निम्मं काम झालेलं असतं.

हे काही कालपरवाचं ज्ञान नाही. १८८६ साली ग्लासगोत थॉमस बार नावाच्या डॉक्टरानं शंभर बॉयलर कामगारांचे कान तपासले, एकाचाही धड निघाला नाही. आमच्याकडं तांबटआळीत राहणाऱ्याला डॉक्टरची पण गरज नव्हती. कारखान्यातलं बहिरेपण कायद्याच्या पुस्तकात आलं. रोगांच्या यादीत आलं. पण हॉस्पिटलातलं? हॉस्पिटल म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर काय येतं? ते पोस्टर. ओठांवर बोट ठेवलेली गोरीपान नर्स. शांतता राखा.

त्या शांततेचाच पंचनामा करायचाय.

१८५९ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईनं आजाऱ्याभोवतीच्या गोंगाटावर पुस्तकात अख्खं प्रकरण लिहिलं. चांगलं केलं. तेव्हापासून आजतागायत हॉस्पिटलातल्या आवाजाबद्दल जे जे लिहिलं गेलं ते बहुतेक सगळं खाटेवरच्या माणसाच्या झोपेबद्दल. जागतिक आरोग्य संघटना सांगते, रात्री वॉर्डात ३० डेसिबल. आमचे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात, शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०, हॉस्पिटलच्या भोवती शंभर मीटर. रोग्याला शांतता मिळालीच पाहिजे, त्यात वाद नाही, खाटेवर आपला बापही असतो. पण ही मोजपट्टी भिंतीच्या आत, मागच्या बाजूला, पत्र्याखाली का जात नाही? तिथं काय माणसं नाहीत? गंमत अशी की ते शंभर मीटरही टिकलं नाही. २०१७ च्या ऑगस्टात केंद्र सरकारनं नियम फिरवला : राज्य सरकारनं जाहीर केल्याशिवाय कुठलीच जागा शांतता क्षेत्र नाही. गणपती तोंडावर होते. मुंबई हायकोर्टानं १ सप्टेंबरला त्या बदलाला स्थगिती दिली आणि सुप्रीम कोर्टानं तीन दिवसांत त्या स्थगितीलाच स्थगिती दिली. रोग्याच्या कानाची ही किंमत. मग चादर धुणारीच्या कानाची काय असणार?

आकडे जरा बघा, कंटाळू नका, आकड्यांतच चोरी असते. जगात जे लोक यावर खातात-पितात ते सांगतात, आठ तासांना ८५ डेसिबल ही हद्द, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करा, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आपल्याकडं कारखाना कायद्याखालच्या नियमांतला तक्ता होता ९० डेसिबलला आठ तासांचा, आणि १०० डेसिबलला दोन तासांचा. पंधरा मिनिटं कुठं, दोन तास कुठं? गोऱ्या कामगाराचा कान आणि आमचा कान वेगळ्या मातीचा असावा. आणि हा ढिला तक्तासुद्धा कारखान्यासाठी. हॉस्पिटल म्हणे कारखाना नाही. हॉस्पिटलात सेवा चालते.

सेवा! या एका शब्दानं आमचा जेवढा घात केला तेवढा कशानंच नाही. मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात वॉर्डात काम करणाऱ्या दोघांना काढून टाकलं, हॉस्पिटल मजदूर सभा कोर्टात गेली, सरकार म्हणालं हा उद्योगच नाही, इथं कसला औद्योगिक कायदा. १९६० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, हॉस्पिटल हा उद्योग आहे. १९७० साली त्याच कोर्टानं सांगितलं, नाही. १९७८ साली सात न्यायमूर्ती बसले आणि पुन्हा म्हणाले, आहे. अठरा वर्षं गेली हे ठरवायला, की बेडपॅन उचलणारा माणूस कामगार आहे का पुण्य कमावणारा भक्त. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनं धर्मादाय सेवेच्या नावाखाली पुन्हा एक दार उघडून ठेवलंय. पाटी धर्मादाय लावा, आमच्या पाठीवर पाय ठेवा.

आता विम्याचं ऐका. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, त्या काळात, १९४३ साली, बी. पी. आडारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना करायला बसवलं. १९४४ ला अहवाल आला, १९४८ ला कामगार राज्य विमा कायदा झाला. आपण बाबासाहेबांची घटना सांगतो, हे सांगत नाही. आवाजानं येणारं बहिरेपण या कायद्याखाली भरपाईचा आजार. नागपूरच्या राष्ट्रीय खाण कामगार आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी २००८ साली छापून ठेवलंय : भरपाईची तरतूद १९४८ पासून, आणि देशात पहिल्या माणसाला भरपाई मिळाली १९९६ साली. अठ्ठेचाळीस वर्षं! त्या काळात देशात कापडगिरण्या होत्या, लोहाराच्या भट्ट्या होत्या, यवतमाळातच वणीच्या कोळशाच्या खाणी, गावोगावचे कापसाचे जिनिंग होते. त्या सगळ्यांत मिळून अठ्ठेचाळीस वर्षांत एकाचा पण कान गेला नव्हता? गेले. पण कागद नव्हता. कागदाशिवाय आपण मरत सुद्धा नाही.

आणि कागद काढायला गेलं तर काय होतं तेही सांगतो. मावशीला घेऊन मी एका सरकारी कान-नाक-घसा विभागात गेलो. डॉक्टरनं कानात बॅटरी मारली आणि म्हणाला वयोमानानं होतं. सेहेचाळीसाव्या वर्षी वयोमान. मग विचारलं, टीबी झाला होता का. झाला होता, लहानपणी, आमच्यात कुणाला झाला नाही? स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया घेतलेल्या. मग काय, सुयांनी गेले कान. सुयांनी कान जातात हे खरंच आहे, खोटं नाही बोलला तो. पण ज्याच्या केसाळ पेशी औषधानं आधीच निम्म्या झाल्यात त्याला तुम्ही चौदा वर्षं हायड्रोजवळ उभं करता, हा उलट मोठा गुन्हा झाला ना? आमचा टीबी, आमची उपासमार, आमची वस्ती हे सगळं त्यांच्या बाजूचे साक्षीदार होऊन उभं राहतं. बाहेरून पैसे देऊन ऑडिओमेट्री केली. रेघ चार हजाराला विहिरीत पडल्यासारखी पडलेली. पण २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात बसायला बोलण्याच्या पट्ट्यात दोन्ही कानांचं नुकसान किमान ६० डेसिबल पाहिजे. मावशीची सरासरी त्याच्या आत आहे. म्हणजे कायद्याला ती बहिरी नाही आणि मॅडमला ती ऐकणारी आहे. आणखी पाच-सात वर्षं त्याच मशिनीशेजारी उभी राहिली तर कायद्यात बसेल.

मनूच्या नावावर आपण एक गोष्ट नेहमी सांगतो, शूद्रानं वेद ऐकला तर त्याच्या कानात शिसं ओता. ती मनूची नाही, गौतमाच्या धर्मसूत्रातली आहे, आणि तिथं कथील आणि लाख आहे. भाषणं करणाऱ्यांनी जरा तपासून बोलावं. पण मला आता वेगळंच दिसतं. त्या काळी निदान काही ऐकलं म्हणून ओतत होते. आता ऐकायच्या आधीच, थेंब थेंब, आठ तासांची पाळी लावून, वर हजेरी घेऊन ओततात.

कुणाच्या कानात? जरा मोजा. ठेक्याच्या भरतीत आरक्षण नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आणि आरक्षण नसताना धुलाईघरात, बॉयलरजवळ, ऑक्सिजनच्या कॉम्प्रेसरजवळ, जैव कचऱ्याच्या खोलीत जाऊन आडनावं विचारा. जवळजवळ सगळी आपली, मेहतर वाल्मीकींची, आदिवासींची. नर्स पण या माऱ्यातून सुटत नाही, अतिदक्षता विभागात बारा यंत्रं बारा सुरांत कोकलत असतात. हाडाच्या सर्जनचं कवटीएवढं कान फाडणारं करवत पण आवाज करतं. पण सर्जन दिवसातून किती वेळ करवत चालवतो? त्याचे कान बिघडले तर निबंध निघतो, परिषद भरते. मावशीचे बिघडले तर ती माजते. बहिरेपण एकच. वरच्या जातीत आलं की आजार, खालच्या जातीत आलं की उर्मटपणा. 'हाक मारली तर ओ देत नाही', ही आमच्या बापजाद्यांवरची सर्वात जुनी फिर्याद आहे. पाटलाच्या वाड्यावर हीच होती.

आणि कौतुक कसं केलं तेही आठवा. २२ मार्च २०२०, संध्याकाळी पाच. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सन्मानासाठी सगळा देश थाळ्या बडवत गच्चीवर उभा. ज्यांचे कान फुटलेत त्यांना बक्षीस काय, तर आणखी आवाज! मग ३ मेला हॉस्पिटलांवर हेलिकॉप्टरमधून फुलं. हेलिकॉप्टर! मावशी सांगत होती, पहिल्या लाटेत चादरींचा डोंगर चारपट झाला, दोन्ही मशिनी रात्रंदिवस, वर पीपीई किट, तोंड झाकलेलं, ओठ दिसत नाहीत. आणि तिला तेव्हाच पहिल्यांदा कळलं की आपण गेली काही वर्षं कानांनी नव्हे, समोरच्याच्या ओठांनी ऐकत होतो. मास्क लागला आणि जग गप्प झालं. करोना ओसरल्यावर ठेक्यावरच्या योद्ध्यांना ठिकठिकाणी घरी बसवलं. थाळी त्यांच्याकडेच राहिली, रिकामी.

यवतमाळ म्हटलं की तुम्हाला २०१७ आठवतं. फवारणीच्या विषानं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो सरकारी हॉस्पिटलात. त्या मेडिकल कॉलेजाला वसंतराव नाईकांचं नाव आहे, ज्यांच्या मुख्यमंत्रीपदाच्या काळात १९७२ ला पँथर जन्मली, हे जाता जाता. तेव्हाही पहिला प्रश्न काय निघाला? मजुरानं मास्क का लावला नाही. औषध कुणी विकलं, पंप कुणी विकला, हा प्रश्न मागून, लंगडत. आज मावशीला सुपरवायझर हेच म्हणतो, कापूस घालायचा होता कानात. कापसानं काही थांबत नाही रे बाबा, कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात तरी हे थोतांड सांगू नको. पण फवारणीत माणूस मरतो, म्हणून पेपरात येतो. बहिरा माणूस मरत नाही. तो हळूहळू लग्नाला जायचं सोडतो, सभेत मागं बसतो, हसण्याच्या जागी सगळ्यांबरोबर उगाच हसतो, मग येतच नाही.

मी गोदीत आहे. आमच्याकडंही हाच खेळ. क्रेनला वर घ्यायचं तर 'हाबेस', खाली सोडायचं तर 'आर्या', ही जुन्या लोकांची भाषा. आता ओरडून उपयोग नाही, सगळं हाताच्या खुणांवर. तपासणीला कुणी साहेब येणार असला की सकाळी नारंगी बोंडं वाटतात कानात घालायला, साहेब गेला की डबा परत कपाटात. पण मी कविता करतो. मला माझ्याच ओळींतला 'स' एक दिवस ऐकू येणार नाही या भीतीनं मी रात्री उठून बसतो. ही भीती मला मावशीनं दिली, तिच्या नकळत.

आता एक कडू बोलतो, शिव्या द्या. १४ एप्रिलला आपली मिरवणूक त्याच दवाखान्याच्या दारावरून गेली. डीजे. भिंतीएवढे स्पीकर. मावशी तेव्हा पाळीवर होती. सवर्णांचे पेपर फक्त आपल्याच डीजेवर अग्रलेख लिहितात आणि दहा दिवसांच्या गणपतीला 'उत्साह' म्हणतात, हे मला माहीत आहे, तो दुटप्पीपणा मी तुमच्या आधी फोडीन. पण म्हणून वॉर्डात सलाइन लावून पडलेला आपला माणूस आणि मागं धुणं धुणारी आपली बाई यांच्या छातीत ते ठोके जात नाहीत का? ज्यानं मजूरमंत्री म्हणून कामगाराच्या शरीराचा विमा मांडायला घेतला त्याच्या जयंतीला आपण कामगाराचे कान फोडायचे? ज्या पोरांना याचा राग आला त्यांनी स्पीकरसमोर एक तास उभं राहावं आणि मग घरी जाऊन कानात काय वाजतं ते ऐकावं. ते रातकिडे. ती मावशीची रोजची रात्र.

करायचं काय ते साधं आहे. जिथं हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागतो तिथं ८५ च्या वर आहे असं समजा, यंत्र नसलं तरी चालेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सुरक्षा व आरोग्य संहिता लागू झालीय, तिच्या रोगांच्या यादीत आवाजाचं बहिरेपण आहे. सरकारी कार्यालयं तिच्यातून वगळलीत पण तिथले ठेक्यावरचे कामगार वगळलेले नाहीत, हे ठेकेदाराला बहुतेक माहीत नाही, तुम्हाला माहीत असू द्या. चाळिशीपुढच्या कामगाराची वर्षाला फुकट तपासणी असं सरकारनं वाजवून सांगितलंय. त्या तपासणीत रक्तदाब बघून पाठवून देतील. ऑडिओमेट्री मागा. आदल्या पाळीनंतर निदान चौदा तास आवाजापासून लांब राहून मगच तपासून घ्या, नाहीतर म्हणतील हा तात्पुरता सुन्नपणा आहे. आणि तो कागद त्यांच्याकडं ठेवू नका. आणि सगळ्यात आधी मशिनीचं बेअरिंग मागा, पायाखाली रबर मागा, जनरेटरचं तोंड फिरवून मागा. कानातली बोंडं सर्वात शेवटी.

मावशीच्या ग्राफच्या मी बारा झेरॉक्स काढल्यात. एक ठेकेदाराला, एक दवाखान्याच्या वरिष्ठांना, एक कामगार अधिकाऱ्याला, एक त्या मॅडमला सुद्धा, कारण ती डॉक्टर आहे, तिला ती रेघ वाचता येईल. येत्या सोमवारी आम्ही जातोय. मावशी म्हणते, "मी काय बोलू तिथं, मले त्यायचं आयकूच येनार नाही." तिला म्हटलं, तू पुढं बस, ओठ दिसतील असं, आणि जो कुणी तोंड फिरवून बोलेल त्याला सरळ सांग, साहेब, इकडं बघून बोला.

धुलाईघरातल्या आणखी चौघी तपासून घ्यायला तयार आहेत. त्यांच्या ऑडिओमेट्रीचे पैसे जमवतोय. छावणीत भेटा.